शाळा मोफत, मूल मात्र कामावर

राज्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या मुलाला फी द्यावी लागत नाही. पाठ्यपुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते आणि कायद्याने प्रवेशाची हमीही दिलेली आहे. तरीही दसरा-दिवाळी सरली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतील अनेक गावांचे वर्ग रिकामे होऊ लागतात. या मुलांनी शाळा सोडलेली नसते. हजेरीपटावर त्यांची नावे कायम असतात. ती आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. ग्रामीण भागातील बालमजुरी मोफत शिक्षणाच्या आड कशी येते, कायदा कोठे पुरा पडतो आणि कोठे अपुरा, याचा हा आढावा.

फी माफ झाली, पण...

बालमजूर म्हटले की हॉटेलात कपबशा विसळणारा मुलगा किंवा फटाक्यांच्या कारखान्यातील मुलगी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बालमजुरीचा मोठा भाग शेतात आणि खेड्यात आहे. २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ या वयोगटातील सुमारे १ कोटी १ लाख मुले काम करीत असल्याची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ८१ लाख मुले ग्रामीण भागातील होती. जगाचे चित्रही फारसे वेगळे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती आणि त्यांतील ६१ टक्के शेती व संलग्न कामांत होती.

दुसरीकडे, शाळेत नाव नसलेली मुले आज फार थोडी उरली आहेत. 'असर' या देशव्यापी पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भागातील ६ ते १४ वयोगटातील ९८.४ टक्के मुलांची शाळेत नोंदणी झालेली आढळली. मात्र पाहणीच्या दिवशी शाळेत प्रत्यक्ष हजर असलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ७३ टक्केच होते. या गैरहजेरीचे एकमेव कारण बालमजुरी नव्हे. आजारपण, सण-समारंभ, रस्त्यांची दुरवस्था अशी इतर कारणेही आहेत. परंतु पेरणी, कापूस वेचणी, कांदा काढणी वा ऊसतोडीच्या दिवसांत ही दरी वाढते, हे ग्रामीण भागातील कोणताही शिक्षक सांगू शकेल. बालमजुरीचा प्रश्न पूर्वी शाळेच्या दाराबाहेर दिसत असे. आता तो हजेरीपटाच्या आत शिरला आहे.

याचे मूळ साधे आहे. शासनाने शाळेची फी माफ केली. मूल शाळेत बसले म्हणजे त्याच्या हातून होणारे काम थांबते, ही किंमत मात्र कुटुंबालाच मोजावी लागते. शेळ्या राखणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, कापूस वेचणे या कामांची गणना कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. कुटुंबाच्या हिशेबात मात्र ती चोख धरलेली असतात.

जोतीरावांचे निदान

हे निदान नवे नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. शेतकरी आणि गरीब वर्ग शिक्षणाचा लाभ का घेऊ शकत नाहीत, याचे कारणही त्यांनी त्यात नोंदविले. पराकोटीचे दारिद्र्य आणि गुरे राखण्यासाठी व शेताच्या राखणीसाठी लागणारी मुलांची गरज, हे ते कारण होय. शाळांची संख्या वाढविण्याबरोबरच या वर्गातील मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी सुचविले होते. म्हणजे केवळ शाळा उघडून भागणार नाही, मुलाच्या कामाची भरपाई कोणत्या तरी मार्गाने करावी लागेल, हे त्यांच्या सूचनेतच होते.

पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट मूलभूत हक्क होण्यास २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि त्याचा कायदा अमलात येण्यास १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

'कोयता' म्हणजे किती माणसे?

महाराष्ट्रात बालमजुरी आणि शाळा यांची टक्कर सर्वांत ठळकपणे दिसते ती ऊसतोडीत. मराठवाडा, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगाव पट्टा, नाशिक व जळगावचे काही तालुके येथून दरवर्षी लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे, तसेच कर्नाटक आणि गुजरातकडे जातात. त्यांची नेमकी गणना नाही. साधारण आठ ते बारा लाख मजूर, असे अंदाज नेहमी दिले जातात.

या व्यवस्थेतील मजुराचे एकक 'कोयता' हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम या जोडीला हंगामापूर्वी उचल देतो. ही रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. लग्न, आजारपण, घराची दुरुस्ती किंवा जुने देणे यांत ती हंगाम सुरू होण्याआधीच संपलेली असते. मग फडात जाऊन ती फेडावी लागते. मजुरी दिवसावर नसते, तोडलेल्या टनावर असते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि तो प्रतिटन सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते.

मूल या हिशेबात येते ते येथेच. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे ही कामे दोन माणसांना पुरून उरतात. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागला किंवा बैलांची निगा पाहू लागला, तर आई-वडिलांचा वेळ तोडणीसाठी मोकळा होतो. मुलीने कोपीवर राहून भाकरी थापल्या, पाणी आणले, तान्ह्या भावंडाला सांभाळले, तर आई पहाटेपासून फडात राहू शकते. उसाचे वाढे गोळा करून विकले, तर रोजच्या मीठमिरचीची सोय होते.

उदाहरणादाखल हिशेब मांडता येईल. मुलाच्या मदतीमुळे जोडीचा दिवसाला केवळ पाव टन ऊस अधिक तुटला, असे समजू. ३६६ रुपये दराने ते सुमारे ९१ रुपये होतात. हंगामात कामाचे १२० दिवस धरले, तर ही रक्कम सुमारे ११ हजार रुपयांवर जाते. आता याच्या शेजारी शासनाचे प्रोत्साहन ठेवून पाहावे. मुलींची गळती रोखण्यासाठी राज्याने १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला. तो होता शाळेतील हजेरीच्या दिवसाला १ रुपया, आणि वर्षानुवर्षे तो तेवढाच राहिला. भत्त्यामागील हेतू फुल्यांच्या सूचनेशी जुळणाराच होता. मात्र एक रुपया आणि मुलाच्या हाताची खरी किंमत यांत मेळ नव्हता.

टनावर, नगावर किंवा किलोवर मजुरी मिळणाऱ्या सर्वच कामांत हे घडते. वीटभट्टीवर हजार विटांमागे दर ठरतो, म्हणून ठाणे, पालघर, रायगड भागातील आदिवासी कुटुंबांची मुले माती कालवताना आणि विटा उलथताना दिसतात. कापूस वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. तराजूला वेचणाऱ्याचे वय कळत नाही. अशा ठिकाणी मुलाला कोणी 'कामावर ठेवत' नाही, त्याच्या नावे मजुरी मांडली जात नाही आणि कोणत्याही हजेरीपुस्तकात त्याची नोंद होत नाही. काम मात्र होते.

दोन वेळापत्रकांची टक्कर

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि वार्षिक परीक्षा एप्रिलच्या सुमारास होतात. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे प्रथम सत्र संपताना मूल गाव सोडते आणि परीक्षेच्या तोंडावर परत येते. द्वितीय सत्र जवळजवळ संपूर्ण हुकते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामकाजाचे दिवस ठरविले आहेत. ऊसतोड मजुराच्या मुलाच्या वाट्याला त्यांतील निम्मेच येतात.

पहिल्या वर्षी हे नुकसान फारसे जाणवत नाही. पण दुसरीत हातच्याची बेरीज राहिली, तिसरीत गुणाकार राहिला, चौथीत भागाकार राहिला, तर पाचवीत अपूर्णांक समोर आल्यावर त्या मुलाला फळ्यावरचे काहीच उमगत नाही. वयाने पाचवीतला आणि अभ्यासाने दुसरीतला हा विद्यार्थी वर्गात गप्प बसू लागतो. पुढच्या हंगामात त्याला सोबत नेण्याची कल्पना आई-वडिलांना आणि त्यालाही गैर वाटेनाशी होते. मुलाला अभ्यासाची आवड नाही, असे मग सर्वच म्हणू लागतात. वास्तविक आवड लागण्याइतके दिवस तो वर्गात बसलेलाच नसतो.

यात आणखी एका बदलाची भर पडली आहे. आठवीपर्यंत कोणालाही नापास न करण्याची मूळ तरतूद २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने शिथिल झाली. त्यानुसार महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. अशा विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षेची संधी मिळते. गुणवत्तेच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन केले जाते. तथापि, ज्या मुलाने निम्मे वर्ष वर्ग पाहिलाच नाही, त्याच्यासाठी ही परीक्षा गळतीचा उंबरठा ठरू नये, याची काळजी घ्यावी लागेल.

पटावर हजर

एवढी मोठी अनुपस्थिती शासकीय आकडेवारीत ठसठशीतपणे का दिसत नाही? याचे उत्तर मोजणीच्या तारखेत आहे. शाळांची वार्षिक माहिती आणि शिक्षकांची पदे ठरविणारी संचमान्यता यांसाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या प्रमाण मानण्याची पद्धत आहे. त्या दिवशी ऊसतोड मजुरांची मुले गावात असतात. शाळाबाह्य मुले शोधण्यासाठी राज्यात ४ जुलै २०१५ रोजी एकाच दिवसाचे व्यापक सर्वेक्षण करण्यात आले. जुलैमध्येही ही कुटुंबे गावीच असतात. ज्या महिन्यांत मूल शाळेत नसते, त्या महिन्यांत त्याला कोणी मोजत नाही.

महिनाभराहून अधिक काळ सलग गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य समजावे, असा राज्याचा निकष आहे. तो काटेकोरपणे लावला, तर जानेवारीत अनेक गावांतील निम्मे विद्यार्थी शाळाबाह्य ठरतील. पण नाव कमी केले तर पट घटतो, पट घटला तर शिक्षकाचे पद जाते आणि पद गेले तर गावात राहिलेल्या मुलांचेही नुकसान होते. नाव ठेवणे मुख्याध्यापकालाही सोयीचे आणि गावालाही. यात प्रत्येक वेळी कोणाचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. मात्र या सोयीमुळे प्रश्नाचा आकार झाकला जातो.

दोन्ही गावच्या शाळांचे नुकसान

स्थलांतराचा फटका जाणाऱ्या मुलांपुरता मर्यादित राहत नाही. मागे राहिलेल्या वर्गात चाळीसपैकी पंधरा मुले उरली, तर दोन-तीन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात. नवा धडा पुढे न्यावा तर गेलेली मुले मागे पडतात आणि थांबावे तर राहिलेल्यांचे वर्ष वाया जाते. एप्रिलमध्ये मुले परतल्यावर पुन्हा मागची उजळणी करावी लागते. जी शाळा सर्वांसाठी मोफत आहे, तिचा दर्जा अशा रीतीने सर्वांसाठीच घसरतो. मग ज्यांना परवडते ते आपली मुले तालुक्याच्या खासगी शाळेत घालतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गरिबांतले गरीब उरतात.

कारखाना परिसरातील शाळेची अडचण उलट आहे. तेथे नोव्हेंबरमध्ये अचानक वीस-तीस मुले येतात. जूनमध्ये पाठ्यपुस्तके वाटून झालेली असतात. शिक्षकांची पदे आधीच ठरलेली असतात. मुलांच्या कोप्या गावापासून लांब, उसाच्या फडाजवळ असतात आणि तोड संपली की टोळी दुसऱ्या गावी हलते. कर्नाटकात गेलेल्या मुलापुढे कन्नड फळा असतो, तर गुजरातमध्ये गेलेल्यापुढे गुजराती. मोठ्या बहिणीला शाळेत पाठवायचे, तर तिच्या कडेवरच्या भावंडाचे काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय प्रवेशाचा काही उपयोग होत नाही.

कायदा काय सांगतो?

कागदावर या मुलांचे हक्क भक्कम आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वर्षातून केव्हाही प्रवेश मिळतो, वयानुरूप वर्गात बसविले जाते आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय करावी लागते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे.

बालमजुरीविरोधी कायद्याची स्थिती वेगळी आहे. १९८६ च्या कायद्याने ठरावीक धोकादायक व्यवसाय व प्रक्रियांतच मुलांना काम देण्यास मनाई केली होती. साध्या शेतकामाचा बराचसा भाग त्यातून सुटला होता. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत काम देण्यास बंदी आली. १४ ते १८ वर्षे वयाच्या किशोरांना धोकादायक कामांस मनाई झाली. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र याच दुरुस्तीने एक अपवादही ठेवला. मूल शाळेची वेळ सुटल्यानंतर किंवा सुटीत आपल्या कुटुंबाला अथवा कौटुंबिक उद्योगाला मदत करू शकते, अट एवढीच की ते काम धोकादायक नसावे.

अपवादामागे ग्रामीण वास्तवाची जाण होती, असे सांगितले गेले. घरच्या शेतावर आई-वडिलांना थोडी मदत करणारा मुलगा गुन्ह्याचे कारण ठरू नये, हे समजण्याजोगे आहे. पण ऊसतोड हा कुटुंबाचा उद्योग नाही. ऊस कारखान्याला जातो, मजुरी कारखान्याच्या पैशातून येते आणि कामगार मुकादमाचा असतो. तरीही फडात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून ते घरच्यांना मदत करीत आहे, असे सहज म्हणता येते. 'शाळेची वेळ सुटल्यानंतर' ही अटही तेथे निरर्थक होते. ज्या मुलाला परगावी शाळाच नाही, त्याची शाळा सुटणार केव्हा? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम आई-बापाकडे आणि आई-बाप उचलीकडे. अशा स्थितीत मालक नेमका कोण, हे निरीक्षकाने ठरवायचे कसे?

साखरशाळा ते हंगामी वसतिगृह

या प्रश्नावर उपाय झालेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. वसईच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. जनार्थ या संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवून हजारो मुलांना हंगामात अक्षरांशी जोडून ठेवले. या शाळा मुलांच्या कोप्यांजवळ होत्या, हे त्यांचे बळ होते. परंतु मुले स्थलांतरित होतच राहिली. शाळा सुटल्यावर, कधी शाळेच्या वेळीही, त्यांना फडातील काम होतेच. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर मान्यताप्राप्त नियमित शाळेतच प्रवेश देण्यावर भर आला आणि साखरशाळांचे युग मागे पडले.

त्यानंतर हंगामी वसतिगृहांचा मार्ग पुढे आला. आई-वडील गेले तरी मुलाने गावातच राहावे, रात्री आजी-आजोबांकडे वा नातेवाइकांकडे झोपावे, शाळेत शिकावे आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळा व्यवस्थापन समितीने चालविलेल्या वसतिगृहात घ्यावे, अशी ही योजना आहे. तिचे मर्म योग्य आहे, कारण ती मुलाला कामाच्या ठिकाणापासूनच दूर ठेवते. जेथे ती वेळेवर सुरू होते, तेथे मुले टिकतात. अडचण वेळेची आहे. सर्वेक्षण, प्रस्ताव, मान्यता, निधी या पायऱ्या चढेपर्यंत अनेकदा दिवाळी उलटून जाते. मुकादमाची गाडी दारात उभी राहते तेव्हा वसतिगृह सुरू नसेल, तर आई मुलाला मागे ठेवू शकत नाही. डिसेंबरमध्ये सुरू झालेले वसतिगृह त्या मुलापुरते त्या वर्षी सुरू झालेच नाही, असे समजावे लागते.

२०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याची योजना मंजूर केली. प्रत्येक वसतिगृहाची क्षमता १०० ठरली. म्हणजे सर्व वसतिगृहे पूर्ण क्षमतेने चालली, तरी ८,२०० मुलांची सोय होते. काही लाख मजूर घर सोडतात, हे लक्षात घेता योजनेचे स्वागत करतानाच तिची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. 'बालरक्षक' म्हणून काम करणारे शिक्षक आणि स्थलांतरित मुलासोबत जाणारे शिक्षण हमी कार्ड हे प्रयत्नही उपयुक्त आहेत. मात्र कार्ड घेऊन गेलेल्या मुलाला समोरची शाळा शोधत येते का, यावरच त्याचे यश अवलंबून आहे.

चौदाव्या वर्षानंतर

मोफत शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. याच वयापासून धोकादायक नसलेले काम करण्यास कायद्याची आडकाठी नाही. अनेक वाड्या-वस्त्यांवर आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी असते. मुलीच्या बाबतीत येथे आणखी एक गोष्ट घडते. एकटी तरुण मुलगी गावात ठेवणे धोक्याचे आणि फडावर नेणे त्याहून धोक्याचे, असे आई-वडिलांना वाटते. शिवाय लग्न झाले की नवी जोडी म्हणजे नवा कोयता, आणि नव्या कोयत्याला नवी उचल मिळते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. बालमजुरी, शाळेतील गळती आणि बालविवाह हे तीन वेगळे विभाग तीन वेगळ्या योजनांनी हाताळतात. त्या मुलीच्या आयुष्यात मात्र ते एकामागून एक येतात.

शेजारचा धडा

या बाबतीत शेजारच्या तेलंगणातील अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात एम. व्ही. फाउंडेशन या संस्थेने १९९१ पासून बालमजुरांना शाळेत आणण्याचे काम हाती घेतले. शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेची भूमिका स्पष्ट होती : पूर्णवेळ नियमित शाळेत नसलेले प्रत्येक मूल बालमजूरच मानावे. ते कारखान्यात आहे की घरी, त्याला मजुरी मिळते की नाही, हा भेद करू नये. कामावरून सोडविलेल्या मुलांना निवासी सेतुवर्गांत ठेवून त्यांच्या वयाच्या इयत्तेपर्यंत आणले जाई आणि नंतर सरकारी शाळेत दाखल केले जाई. मुलांना कामासाठी रात्रशाळा नव्हे, तर शाळेसाठी कामातून पूर्ण सुटका, हा त्यामागील विचार होता. सिन्हा यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये त्या राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

ही व्याख्या मान्य केली, तर महाराष्ट्रातील अनेक प्रश्नांना वेगळे वळण मिळते. मग फडातील मूल घरच्यांना मदत करीत होते की मजुरी, हा वाद उरत नाही. ते जानेवारीच्या एखाद्या मंगळवारी अकरा वाजता वर्गात होते का, एवढेच पाहावे लागते.

काय करता येईल?

उपायांची दिशा त्यातूनच निघते. पटसंख्येची मोजणी सप्टेंबरबरोबर जानेवारीतही व्हावी. तिचा वापर शिक्षकांची पदे कमी करण्यासाठी न करता मुले कोठे गेली हे शोधण्यासाठी व्हावा. हंगामी वसतिगृहांची मान्यता आणि पहिला हप्ता दसऱ्यापूर्वी मिळावा. ज्या गावांतून दरवर्षी स्थलांतर होते ती गावे शिक्षण विभागाला ठाऊक आहेत. तेथे दरवर्षी नव्याने गरज सिद्ध करायला लावणे अनाकलनीय आहे. कारखान्यांनी टोळ्यांशी करार करतानाच सोबतच्या मुलांची यादी तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना दिली, तर समोरच्या शाळेला आधी कळेल. फडाजवळ पाळणाघर असेल, तर मोठी बहीण मोकळी होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे, तोडणीचा दर असा हवा की दोन माणसांच्या श्रमात एक घर चालावे. तिसऱ्या, लहान हातांची गरज उरली नाही, तरच वर्गातील रिकाम्या जागा भरतील.

ठळक टप्पे

१८८२ : हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांची सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी.
१९१७ : कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम.
१९५० : राज्यघटनेच्या २४ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोकादायक कामांस मनाई. ४५ व्या अनुच्छेदात मोफत शिक्षणाचे उद्दिष्ट.
१९८६ : बालमजुरी (प्रतिबंध व नियमन) कायदा.
१९९५ : शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम. २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश.
२००२ : ८६ वी घटनादुरुस्ती. ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क.
२०१० : शिक्षण हक्क कायदा १ एप्रिलपासून अमलात.
२०१६ : बालमजुरी कायद्यात दुरुस्ती. चौदा वर्षांखालील मुलांना कामास बंदी, कौटुंबिक मदतीचा अपवाद.
२०१७ : आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १३८ व १८२ या करारांना भारताची मान्यता.

पालक आणि शिक्षकांसाठी

* स्थलांतर करताना मुलाचा दाखला मागितल्यास मुख्याध्यापकांनी तो तत्काळ द्यावयाचा आहे. दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.
* जन्मतारखेचा पुरावा नाही किंवा वर्ष अर्धे सरले, या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही.
* मुलाचे शिक्षण खंडित झाले असले, तरी त्याला वयानुरूप वर्गात बसविणे आणि विशेष प्रशिक्षण देणे शाळेवर बंधनकारक आहे.
* शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हंगामी वसतिगृहाचा विषय समितीने पावसाळ्यातच बैठकीत घ्यावा.
* मूल कामावर असल्याचे आढळल्यास १०९८ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर कळविता येते.